चादरीमागचे पाय

अत्ता, तुझ्या शोकसभेत लोक हसले.

थोडंथोडकं नाही, खुर्च्या करकरेपर्यंत हसले. मागच्या रांगेतले एक प्राध्यापक रुमालानं डोळे पुसत होते, आणि ते काही रडत नव्हते. हे सगळं माझ्यामुळे झालं. घरी येताना मी खुशीत होतो. सुजाताला म्हणालोसुद्धा, “बरं झालं, सभा रडकी झाली नाही. अत्ताला रडकी माणसं आवडायची नाहीत.” ती गाडीवर मागं बसली होती, काही बोलली नाही. बायको गप्प बसली की काहीतरी चुकलेलं असतं, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला उशिराच कळतं.

तुझा हार घातलेला फोटो टेबलावर होता, जरासा डावीकडे कललेला. तू कुणाच्याही घरी गेलीस की आधी भिंतीवरची कॅलेंडरं सरळ करायचीस, मग चहा घ्यायचीस. त्या दिवशी तुला सरळ करायचं कुणाला सुचलं नाही. मला कललेलं दिसत होतं, पण मी मनात भाषण जुळवत होतो. आणि भाषण म्हणजे काय, तीच आपली गोष्ट. ओलीची.

ती गोष्ट तू किती वेळा ऐकलीस याला गणती नाही. बारसं असो, मुंज असो, लग्नात पंगत बसायला उशीर होत असो, कुणीतरी म्हणायचंच, “शीनू, सांग की ओलीची गोष्ट!” मग मी आढेवेढे घेतल्यासारखं करायचो आणि सुरू व्हायचो. विद्यापीठाचं कलादालन नवीकोरं. आमची अत्ता, म्हणजे आमच्या तेलुगूत आत्या, त्याची प्रमुख. पहिलं प्रदर्शन, मोठमोठे पाहुणे येणार. सकाळी कुलूप काढून बघते तर समोरच्या भिंतीवर ही एवढी ओल! रंग द्यायला वेळ नाही. पण आमची अत्ता घाबरते होय? घरी माणूस पिटाळला, घरातली नवी चादर मागवली, चार खिळे ठोकले आणि ओल गडप. पाहुणे आले ते सगळी चित्रं सोडून चादरीपुढे उभे. इथं मी मान तिरकी करून, चष्मा नाकावर आणून पाहुणा व्हायचो. “वा! कलाकार कोण म्हणायचे हे?” आणि मग कमरेवर हात ठेवून तुझ्या आवाजात, “कलाकार मागं आहे साहेब. पाण्याची टाकी.”

हशा. आणि हशाच्या वर तुझा आवाज. “अबद्धम रा! सगळं अबद्धम!” आपल्या तेलुगूत खोट्याला जेवढा जोर आहे तेवढा मराठीत नाही, म्हणून तू मराठी पाहुण्यांतही तोच शब्द वापरायचीस. “आणि तू कुठं होतास रे बघायला? नातेपुत्याला होतास. मेव्हणीच्या साखरपुड्यात जिलब्या हाणत!”

की पुन्हा हशा, पहिल्यापेक्षा मोठा.

खरं सांगतो, तुझं ते चिडणं हाच माझ्या गोष्टीचा शेवट होता. लोक त्याचीच वाट बघायचे. मी टाकीपाशी थांबून तुझ्याकडे बघायचो, जसा तबलजी गवयाकडे बघतो. तू म्हणत होतीस की हे खोटं आहे. मोठ्यानं, भर मांडवात, दरवेळी म्हणत होतीस. आणि आम्हाला वाटायचं, काय मस्त साथ देते म्हातारी.

माझ्या मुलीच्या लग्नात तू काही बोलली नाहीस. मी टाकीपर्यंत आलो, थांबलो, तुझ्याकडे पाहिलं, आणि तू दहीभात मागत होतीस. गोष्ट पडली. मी तुझ्या पानापाशी येऊन म्हणालो, “काय अत्ता, आज डायलॉग विसरलीस?” तू म्हणालीस, “दमले रे.” मला राग आला होता, अत्ता. मुलीच्या लग्नात माझी गोष्ट पाडली म्हणून.

आता तू म्हणशील, मी खरं सांगत होते हे तुला एवढ्यात कसं कळलं? सांगतो. तुला सांगितल्याशिवाय मला ते पचणार नाही.

शोकसभेनंतर दालनाच्या सध्याच्या प्रमुख, बिराजदार मॅडम, माझ्याकडे आल्या. मूळच्या मंद्रूपच्या, बोलायला मोकळ्या. तू त्यांना शेवटच्या आजारपणात भेटलेली असणार, कारण तुझ्या घराच्या किल्ल्या कुठल्या डब्यात असतात हे मला नाही, त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, “सर, काय सांगितलात ओ! मी मोबाइलवर घेतलंय सगळं. आम्ही दालनाचं जुनं सगळं लावायला काढलंय. फोटो, आमंत्रणं, कात्रणं. दर्शनी भिंतीवर दालनाचा प्रवास म्हणून मोठे बोर्ड करणार. तुमची गोष्ट पहिल्याच बोर्डावर घेते बघा.”

माझी गोष्ट. विद्यापीठाच्या भिंतीवर. मी आयुष्यभर विम्याच्या पॉलिसी विकल्या, अत्ता. माझ्या तोंडचं वाक्य कुणी फुकट ऐकत नाही, तर छापणार कोण? मी त्या रात्री चुलतभावंडांच्या ग्रुपवर टाकलं, ‘आपली ओल इतिहासात जाणार.’ वेंकटेशनं हसून हसून लोळणारी तोंडं पाठवली. कुणी विचारलं नाही की इतिहासात जायला ओल खरी असावी लागते का.

मग मॅडमचा फोन आला. जुन्या फोटोंतली काही माणसं ओळखू येत नाहीत, घरचं कुणी आलं तर बरं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

दालनाच्या मागची ती लांबट खोली तुला माझ्यापेक्षा चांगली माहीत. आता तिथं एक लांब टेबल आहे आणि त्यावर तुझे पुठ्ठ्याचे खोके ओळीनं मांडलेले. प्रत्येकावर तुझं अक्षर. प्रत्येक प्रदर्शनाचं एक पाकीट, पाकिटात आमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्राचं कात्रण, फोटो, आणि फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं ‘डावीकडून’ म्हणून नावं. इतकं नीटनेटकं, की मला माझ्या शाळेची आठवण आली. सहावी-सातवीत माझ्या विज्ञानाच्या वहीत बेडकाची पचनसंस्था तू काढून दिली होतीस. ती इतकी सुरेख होती की सरांनी वर्गात विचारलं, “हा बेडूक कुणाचा?” मी म्हणालो, माझा. सर म्हणाले, “मग फळ्यावर काढ.” मी जे काढलं त्याला वर्ग आठवडाभर वांगं म्हणत होता. घरी येऊन तुझ्यावर चिडलो, तर तू म्हणालीस, “मी काढून दिला ते चुकलं. तू बघून तरी काढायचास.” बघायला तू मला त्या दिवसापासून सांगत होतीस.

मॅडमनी मला गादीच्या खुर्चीवर बसवलं, चहा आला. आणखी दोन प्राध्यापक मला बघायला आले. ओलीवाले सर कोण ते बघायला. एकानं तर आल्या आल्या म्हटलं, “कलाकार मागं आहे साहेब!” मी मान तिरकी करून दाखवली. सगळे खूश. मी चार-पाच फोटोंतले आपले लोक ओळखून दिले. वेंकटेशचे वडील, तू आधी शिकवायचीस त्या शाळेतल्या सहकारी, तो सारखा शिंकणारा चित्रकार.

मग पहिल्या प्रदर्शनाचं पाकीट उघडलं आणि मॅडमनी एक रंगीत फोटो माझ्यापुढे सरकवला.

दालनाचा मोठा हॉल. पांढऱ्या स्वच्छ भिंती, त्यांवर चित्रं. भिंतीवर ओल नाही. कुठल्याच भिंतीवर नाही. आणि हॉलच्या मधोमध, भिंतीपासून चांगली लांब, छतातून दोन दोऱ्यांनी टांगलेल्या बांबूवर एक चादर. चादरीची जमीन लाल, तिच्यावर पांढरी फुलं. बाजूला स्टुलावर चढून तू बांबू सरळ करतेयस, तोंडात सुतळीचं टोक. आणि चादरीच्या खालच्या काठाखाली, पलीकडच्या बाजूला, दोन पाय. चपला घातलेले. चादरीमागं कुणीतरी उभं आहे, आणि त्याचे तेवढे पायच दिसतायत.

“हे बघा की सर, गंमत,” मॅडम म्हणाल्या. “चादर हीच ना तुमची? पण भिंतीवर न्हाय दिसत. नंतर मधे आणून लावली का काय? आणि हे पाय कुणाचे?”

उजव्या चपलेच्या अंगठ्याला लाल सूत गुंडाळलेलं होतं. नानांना अंगठा चावायचा, म्हणून ते नवी चप्पल आणली की आधी अंगठ्याला सूत गुंडाळायचे. मागाखाली पडलेलं, ज्या रंगाचं असेल त्या रंगाचं. त्या अंगठ्यावरून मी कुठल्याही देवळाबाहेर नानांची चप्पल शोधून काढायचो. माझ्या बापाचे पाय होते, अत्ता, तुझ्या भावाचे. पायांकडे बघून कळायला क्षणसुद्धा लागला नाही.

मी म्हणालो, “असेल कुणी शिपाई.”

का म्हणालो? तिथं तीन शिकलेली माणसं माझ्या गोष्टीवर हसत बसली होती. चहा अजून गरम होता. पाय नानांचे म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुमचे वडील तिथं काय करत होते? मग चादर त्यांची, मग ती मधोमध का, मग ओल कुठाय? एका सुतावरून सगळं उसवलं असतं. आणि याच्याही खाली आणखी काही होतं, ते तुलाच सांगतो. त्या खुर्चीवर बसून, त्या लोकांत, माझे वडील कारखान्यात लूमवर होते हे मला सांगायचं नव्हतं. नाना अक्कलकोट रोडला सायकलीनं कारखान्यात जायचे आणि मी मित्रांना सांगायचो, वडील टेक्स्टाइलमध्ये आहेत. मला वाटलं होतं, पन्नाशी उलटल्यावर ते गेलं असेल. गेलं नव्हतं. आत बसून होतं, आणि वेळ आली तेव्हा नेमकं तोंडात आलं.

“शिपाई,” मॅडमनी कागदावर लिहिलं. फोटो उलटून पाहिला. पाठीवर नावं नव्हती, फक्त एकच शब्द होता, ‘पुढून’. “पुढून हाय म्हंजे मागून पण असणार की कुठंतरी,” त्या म्हणाल्या. “शोधते.”

मी निघालो. बाहेर ऊन कसलं पेटलेलं. विद्यापीठाच्या आवारात सावली म्हणजे चार झाडं, आणि ती प्राध्यापकांच्या गाड्यांनी आधीच घेतलेली. माझी स्कूटर उन्हात. सीट तापते म्हणून मी तिच्यावर नेहमीप्रमाणे चादर टाकली होती.

लाल जमीन. उन्हानं तिची विटकरी झालेली. पांढरी फुलं. पांढरी म्हणजे आता चहाच्या रंगाची.

मी तिथंच उभा राहिलो. माझ्या गोष्टीतली चादर खिळे ठोकलेली होती, अत्ता. म्हणून मला कधी वाटलंच नाही की ती हीच असेल. विणकराच्या घरात चादरींना काय तोटा? मी चारही कोपरे हातात घेऊन पाहिले. भोक एकही नाही. आणि वरच्या कडेला नेफा. बांबू आत जाईल एवढा रुंद, बारीक टाक्यांनी हातानं शिवलेला. ती चादर माझ्याकडे इतकी वर्षं होती. नेफ्यातून कधीतरी एखादा प्रश्न तरी ओवायचा होता.

माझ्या वास्तुशांतीला तू ती दिली होतीस. घडी माझ्या हातात ठेवून म्हणालीस, “हॉलमध्ये टांग.” आपलं तिथं वाजलं, आठवतंय? मी म्हणालो, “अत्ता, चादर म्हणजे चादर आणि चित्र म्हणजे चित्र. हॉलमध्ये चादर टांगली तर लोक म्हणतील वाळत घातलीय.” तू म्हणालीस, “लोकांचं सोड, तुला काय दिसतं?” मी म्हणालो, “मला चादर दिसते.” नाना कोपऱ्यात बसून पेढा खात होते. तू त्यांच्याकडे पाहिलंस, ते पेढ्याकडे बघत होते. तो वाद तसाच राहिला. चादर आधी दिवाणावर पडली, मग मुलीच्या अभ्यासाच्या खुर्चीवर, मग गव्हाच्या पोत्यावर, मग स्कूटरवर. एकदा तू दारात तिला स्कूटरवर बघितलंस. मला वाटलं आता बोलणी बसणार. तू हात फिरवलास आणि म्हणालीस, “एकीकडूनच ऊन खातेय रे. निदान पालटून तरी टाकत जा.” मी ते पाळलं. तुझं एवढं एकच ऐकलं, म्हणून ती आता दोन्हीकडून सारखीच विटलीय.

संध्याकाळी ताटावर बसलो आणि हात चालेना. सुजाता म्हणाली, “काय झालं? तिखट झालंय का?”

मी सांगितलं. पाय, सूत, शिपाई, सगळं.

तिनं भाकरी मोडली. मग म्हणाली, “लग्नापासून तुमचं तोंड बंद बघायला मी तरसले. आणि ते नेमकं तिथं बंद झालं?”

“आता काय करू?”

“मला काय विचारता? ज्यांना विचारायचं ते दोघं गेले.”

तिचं म्हणणं खरं होतं, पण एक सांगतो. ओल मी एकट्यानं नाही आणली. नातेपुत्याहून परत आलो त्या दिवशी नाना मागापाशी कांड्या भरत बसले होते. मी नेहमीच्या टवाळीत म्हणालो, “काय नाना, ऐकलं ते खरं का? विद्यापीठात चादर टांगली म्हणे अत्तानं. आता उश्या पण टांगणार का?” नानांनी वर न बघता म्हटलं, “काय की. भिंतीला ओल आली असंल.” आणि हसले. बस, एवढंच. नानांना तू ओळखतेस. कुणी कौतुक केलं की त्यांच्या अंगाला खाज सुटायची. अख्ख्या शहरातले मोठे लोक ज्या चादरीभोवती फिरून गेले, तिचं काय करावं हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी स्वतःच तिच्यावर ओल टाकली. मी त्या ओलीवर बंगला बांधला. आणि दरवेळी मी गोष्ट सांगायला लागलो की नाना हसायचे. मी ते हसणं पुरावा म्हणून धरलं. ते लाजत होते. लाजणारा आणि हसणारा माणूस मला वेगळा ओळखता येत नाही, हे बापाच्या बाबतीतसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. चादर घडी घालून पिशवीत घेतली होती. गाडी तापू दिली.

मॅडम टेबलाशीच होत्या. मी उभ्या उभ्याच म्हणालो, “मॅडम, ती ओल नव्हती.”

“कुठली ओल?”

“गोष्टीतली. ती मी बनवली. मी त्या दिवशी तिथं नव्हतोच.”

त्यांनी माझ्या मागं बघितलं. “सर, बोर्ड छापून आलाय की.” भिंतीला टेकवलेला होता, माझ्या मागंच. मोठ्या अक्षरात लिहिलेलं, उद्घाटनाच्या सकाळी भिंतीची ओल झाकण्यासाठी प्रमुखांनी घरची चादर लावली आणि तीच आकर्षण ठरली. छापलेलं वाचताना मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलं होतं. तू आयुष्यभर जे मांडलंस त्यातलं एक धाडस उचलून मी त्याचा अपघात केला होता. हशा निघून गेला की गोष्टीत एवढंच उरत होतं, एका बाईला भिंत झाकायची होती आणि एका विणकराचं कापड हाताशी होतं.

“आणि ते पाय शिपायाचे नाहीत,” मी म्हणालो. “माझ्या वडिलांचे आहेत. चादर त्यांनी विणलेली. ते लूमवर होते, अक्कलकोट रोडला. ही चादर घरच्या हातमागावरची.”

एवढी वाक्यं बोलायला मला वास्तविक वेळ लागायला नको होता. धंद्यात मी दिवसभर बोलतो.

मॅडम उठल्या, एका खोक्यातून पाकीट काढलं. “मागून सापडला,” म्हणाल्या. “चुकून दुसऱ्या प्रदर्शनात गेलता.”

फोटोच्या पाठीवर तुझा एकच शब्द. मी उलटला.

हॉल तोच, पण पलीकडच्या टोकातून काढलेला. चादर या बाजूनं पांढरी, तिच्यावर लाल फुलं. आणि तिच्यापुढं नाना. पाठमोरे. धुतलेला शर्ट, पाठीशी एकात एक धरलेले हात, मान वर. तू फोटो काढतेयस हे त्यांना माहीतच नसावं. ते नुसते बघतायत.

नानांना मी मागावर वाकलेलं लाख वेळा पाहिलं. मागावर चादर हातभर दिसते, बाकीची गुंडाळली जाते. उतरली की घडी, घडी झाली की गठ्ठा. आपलंच काम उभं राहून, लांबून, दोन्ही बाजूंनी बघणारे नाना मी कधी पाहिले नव्हते. तू दाखवलेस. त्यांना त्यांची चादर दाखवलीस आणि मला ते. मला पोचायला उशीर झाला.

मी खुर्चीवर बसलो. ती गादीची आहे हे या वेळी लक्षात आलं नाही.

मॅडमनी हळूच विचारलं, “मग सर, खरं काय लिहू? बाईंनी चादर मधे का टांगली असंल? कुणाशी भांडून लावली का? समितीत विरोध होता का?”

“माहीत नाही.”

“बाईंनी घरी सांगितलं असंल की कधीतरी.”

“सांगायला उठायच्या,” मी म्हणालो. “आम्ही हसायचो.”

अंदाज मी दहा करू शकतो, अत्ता. एवढा सराव आहे की संध्याकाळपर्यंत एक नवी गोष्ट उभी केली असती, या वेळी रडवणारी. मॅडमनी छापलीही असती. पण मी अंदाज सांगितला नाही. तुझ्यासाठी मला एवढंच करता आलं.

“आणि ती चादर?” त्यांनी विचारलं. “कुटं हाय आता?”

मी पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनी घडी उलगडली. सीटचा काळा पट्टा मधोमध उमटलेला होता, आणि एका कोपऱ्यात ऑइलचा डाग, आरपार गेलेला. त्यांनी डागावर बोट ठेवलं. मी म्हणालो, “स्कूटरवर टाकत होतो.” त्यांनी मान हलवली. मंद्रूपच्या माणसाला एवढंसं वाक्य पुरेसं असतं.

सुजातानं ती तीनदा धुतली, डाग राहिला. काल दालनात कार्यक्रम होता. छतातून दोन दोऱ्या, तसाच बांबू, तुझ्या नेफ्यातून घातलेला. मधोमध. लोक पुढून बघत होते, मग वळसा घालून मागून. खाली छोटी पाटी आहे. चादर नानांच्या नावानं, मांडणी तुझ्या नावानं. त्याखालची जागा मोकळी सोडायला मी सांगितलं. शेजारी दोन्ही फोटो. पायांखाली शिपाई लिहिलेलं नाही.

आपले सगळे आले होते. वेंकटेश, त्याची बायको, माझी मुलगी, जावई. ओल इतिहासात जाणार म्हणून मीच बोलावलं होतं ना. वेंकटेशनं बोर्डावर ओल शोधली, सापडली नाही. मग माझ्या खांद्यावर हात टाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “शीनू, बोर्डवाल्यांनी गाळली वाटतं! तूच सांग की ओलीची गोष्ट!”

माणसं वळली. ते दोन प्राध्यापकही. जावयानं मोबाइल वर धरला. तुला म्हणून सांगतो, जुन्या सवयीनं माझी मान तिरकी व्हायला लागली होती.

“अबद्धम रा,” मी म्हणालो.

वेंकटेश हसला. “ते अत्ताचं वाक्य! ते शेवटी. आधी गोष्ट.”

“गोष्ट मला काय माहीत?” मी म्हणालो. “मी नातेपुत्याला होतो.”